शिफ्ट आधी कळवा, एवढा नियमही शहराने करायचा नाही? (टेक्सास)

सोनटक्का | सोमवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

मी ऑस्टिनला राहते. एच-४ वर, म्हणजे नवऱ्यामुळे मिळालेल्या व्हिसावर, बरीच वर्षं घरी होते. वर्क परमिट हातात आल्यावर एका मोठ्या साखळीच्या कपड्यांच्या दुकानात नोकरी धरली. काम मनापासून आवडतं. त्रास आहे तो शेड्यूलचा. आमचा आठवडा रविवारी सुरू होतो आणि शेड्यूल अ‍ॅपवर पडतं गुरुवारी रात्री. एका आठवड्यात २८ तास, तर पुढच्यात ११. मागच्या महिन्यात शनिवारी रात्री साडेदहाला शटर ओढून घरी आले आणि रविवारी सकाळी सहाला माल लावायला पुन्हा दारात उभी. मुलगा चार वर्षांचा आहे. डे-केअरवाले महिन्याचे दिवस आगाऊ विचारतात. मी काय सांगू त्यांना?

परवा नणंदेशी व्हिडिओ कॉल चालू होता. ती सिअ‍ॅटलला, आमच्याच कंपनीच्या दुकानात आहे. बोलता बोलता तिने दुसरा फोन कॅमेऱ्यासमोर धरला. तेच अ‍ॅप, तोच निळा चौकोन, आणि तिच्या पुढच्या दोन आठवड्यांच्या सगळ्या शिफ्ट भरलेल्या! माझ्या फोनवर पुढचा आठवडा कोरा. ती म्हणाली, "वहिनी, आमच्या शहराचा कायदाच आहे तसा."

म्हणून मी आमच्या नगरसेवकांच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, असा नियम शहराला करता येणार नाही, २०२३ पासून राज्याने बंदी घातली आहे.

हे खरं आहे का? आणि राज्याने शहराचे हात असे बांधणं तुम्हाला पटतं का? जाणकारांनी कृपया लिहावं.

---

पावसाळी_पाखरू | सोमवार, रात्री ११:५२

नणंदबाई बरोबर सांगतायत. सिअ‍ॅटलचा सिक्युअर शेड्यूलिंगचा कायदा सप्टेंबर २०१६ मध्ये झाला आणि १ जुलै २०१७ पासून लागू आहे. जगभरात मिळून ५०० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या रिटेल आणि खाद्यपदार्थांच्या कंपन्यांना तो लागतो. शेड्यूल १४ दिवस आधी लावायचं. त्यानंतर तास वाढवले तर एका तासाचा जादा पगार, आणि शिफ्ट कापली तर कापलेल्या तासांचा निम्मा पगार द्यायचा.

रात्री बंद करून सकाळी उघडायला जाणं, याला इथे क्लोपनिंग म्हणतात. दोन शिफ्टमध्ये दहा तास नसतील तर जेवढे तास कमी पडले तेवढ्यांना दीडपट. तुमची ती शनिवार-रविवारची पाळी इथे झाली असती तर साडेसातच तास मिळाले म्हणून अडीच तास दीडपटीने लागले असते.

मी स्वतः चार वर्षं कॉफीच्या काउंटरवर उभी होते. दीडपट पैशाचं मला फारसं काही वाटलं नाही. मला वाटलं ते मंगळवारी संध्याकाळी कथकचा क्लास लावता आला याचं.

---

कलमवाले | मंगळवार, सकाळी ८:२०

सोनटक्काताई, ऑफिसातल्या मुलीने सांगितलं ते खरं आहे. थोडं सविस्तर लिहितो.

कायद्याचं नाव टेक्सास रेग्युलेटरी कन्सिस्टन्सी अ‍ॅक्ट, विधेयक एचबी २१२७. लबकचे आमदार डस्टिन बरोज यांनी मांडलं, गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी जून २०२३ मध्ये सही केली, १ सप्टेंबर २०२३ पासून लागू. विरोधकांनी त्याला 'डेथ स्टार' (स्टार वॉर्स सिनेमातलं, एका फटक्यात ग्रह उडवणारं अस्त्र) नाव ठेवलं, कारण एकाच फटक्यात कामगार, शेती, विमा, मालमत्ता, व्यवसाय अशा अनेक क्षेत्रांतले शहरांचे अधिकार त्यात गेले. कामगारांच्या कलमात रजा, भरती, विश्रांती, इतर लाभ यांच्याबरोबर 'शेड्यूलिंगच्या पद्धती' हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. शहराने राज्याच्या पुढे जाऊन नियम केला तर ज्याला झळ बसेल तो किंवा व्यापाऱ्यांची संघटना शहरावरच दावा लावू शकते.

ह्यूस्टनने कोर्टात धाव घेतली, सॅन अँटोनिओ आणि एल पासो सोबत आले. ऑगस्ट २०२३ च्या शेवटी ट्रॅव्हिस काउंटीच्या न्यायाधीशांनी कायदा राज्यघटनेविरुद्ध ठरवला. पण जुलै २०२५ मध्ये अपील कोर्टाने तो निकाल फिरवला. कायदा चांगला की वाईट यात ते शिरलेच नाहीत, शहरांना असा दावा लावता येत नाही असं म्हणाले.

आता मला खटकतं ते सांगतो. राज्याने "शहरांनी करू नका, आम्ही करतो" म्हटलं असतं तर मी समजू शकलो असतो. ओरेगनने तेच केलं. २०१७ मध्ये राज्याचाच कायदा केला, २०१८ पासून सात दिवस आणि जुलै २०२० पासून १४ दिवसांची आगाऊ सूचना. टेक्सासमध्ये राज्याचा स्वतःचा नियम शून्य आहे. फेडरल, म्हणजे केंद्राचा, कायदा १९३८ चा. तो ४० तासांपुढे दीडपट देतो, पण शेड्यूल कधी सांगायचं यावर त्यात एक शब्द नाही. म्हणजे वर काही नाही, आणि खाली करायला मनाई.

---

मृण्मयी_के | मंगळवार, सकाळी ८:४५

वाचतेय. कलमवाले, शेवटच्या वाक्याला अनुमोदन.

---

तीन_दुकानं | मंगळवार, दुपारी १:०५

मी उलट बाजूचा आहे, तेव्हा जरा ऐकून घ्या.

डॅलसच्या आसपास सँडविचची तीन दुकानं चालवतो, फ्रँचायझी आहे. एक आयर्व्हिंगमध्ये, एक प्लेनोत, एक डॅलसच्या हद्दीत. तिन्ही वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर. मुलं गरजेप्रमाणे इकडून तिकडे जातात. उद्या प्रत्येक नगरपालिकेने आपापला नियम काढला, इथे १४ दिवस, तिथे १०, दंडाचे तक्ते वेगळे, तर मी सँडविच करू की रजिस्टर भरू? पहाटे पाचला फोन येतो, "सर, ताप आहे." मग मी कुणाला तरी उठवणारच. शाळेच्या फुटबॉलची मॅच अचानक पावसाने पुढे गेली की संध्याकाळचा धंदा अर्धा होतो.

राज्यभर एकच नियम असावा हे म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. माझ्याकडे काम करणाऱ्या मुलांशी मी माणुसकीने वागतो, त्यासाठी मला कायदा लागत नाही.

---

पावसाळी_पाखरू | मंगळवार, दुपारी २:३०

@तीन_दुकानं, आजारी माणसाच्या जागी दुसरं कुणी आपखुशीने आलं किंवा दोघांनी आपसात शिफ्ट बदलली तर सिअ‍ॅटलमध्ये दंड नाही. वादळ, वीज जाणं यांनाही सूट आहे. फक्त फ्रँचायझी असली तर ते ५०० कर्मचारी सगळ्या साखळीचे मिळून मोजतात.

---

तीन_दुकानं | मंगळवार, दुपारी २:५८

सिअ‍ॅटलचं मला माहीत नाही, पण न्यूयॉर्कचं माझ्या मावसभावाकडून रोज ऐकतो. तिथे फास्टफूडला देशभरात ३० दुकानांची साखळी असली की कायदा लागतो, मालक कितीही छोटा असो. म्हणजे पाटीवरचं नाव मोठं आणि खिसा माझ्याएवढा. कायदा करणाऱ्यांनी हा फरक बघायला हवा ना?

---

पावसाळी_पाखरू | मंगळवार, दुपारी ३:१५

हा मुद्दा मान्य. फ्रँचायझीवाल्याचं वेगळं बघायला हवं.

---

गिरणगावचा | मंगळवार, रात्री ९:४० (भारतीय वेळ)

मी लालबागचा. अमेरिकेशी माझा संबंध इतकाच की मुलगी न्यू जर्सीत आहे. पण सोनटक्काताईंचा धागा वाचून सबंध दिवस वडील डोळ्यांसमोर आहेत.

वडील एका कापड गिरणीत बदली कामगार होते. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कायम कामगाराचा खाडा पडला तर त्याच्या जागी ज्याला घेतात तो बदली. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी गेटवर जाऊन उभं राहायचं. जॉबर, म्हणजे माणसं कामावर घेणारा मुकादम, बाहेर यायचा आणि नावं पुकारायचा. नाव आलं तर आत, नाही आलं तर दुसऱ्या पाळीला परत यायचं, किंवा दुसऱ्या दिवशी. महिन्यात कधी वीस दिवस काम मिळायचं, कधी आठ.

आई पहाटे चारला उठून डबा करायची. तीन भाकऱ्या, सुकं बोंबील नाहीतर डाळ. वडील साडेसातच्या आत घरी परतले की आम्हा भावंडांना कळायचं, आज काम नाही. मग तोच डबा दुपारी ताटात यायचा, चौघांत वाटून. वडील त्या दिवशी जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसायचे.

जॉबरला कुणी दुखवायचं नाही, हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. त्याच्या घरच्या गणपतीला वडील न चुकता नारळ घेऊन जायचे. ताई, तुमच्या अ‍ॅपला नारळ द्यायचीही सोय नाही. तेव्हा निदान पुकारणाऱ्याचं तोंड तरी दिसायचं.

---

मृण्मयी_के | मंगळवार, दुपारी ४:०२

काका, डब्याचं वाचून घशात अडकलं. 'खाडा' हा शब्द कित्येक वर्षांनी ऐकला. माझे आजोबा परळला होते.

---

रेवा_आणि_आई | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

जरा हलकं. वरचा क्लोपनिंग शब्द मी मोठ्याने वाचला आणि लेकीने विचारलं, "आई, क्लोनिंग?" मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "क्लोनिंगच बरं. एक आई दुकानात, एक घरी." सात वर्षांची आहे.

---

मक्याचं_कणीस | मंगळवार, रात्री ८:११

आयोवा सिटीहून लिहितोय. टेक्सासच्या सहा वर्षं आधी आमच्याकडे हे घडून गेलंय, म्हणून सांगतो.

आमच्या जॉन्सन काउंटीने किमान वेतन टप्प्याटप्प्याने वाढवत जानेवारी २०१७ मध्ये १०.१० डॉलरवर नेलं होतं. मार्च २०१७ च्या शेवटी गव्हर्नर टेरी ब्रॅनस्टॅड यांनी एचएफ २९५ या विधेयकावर सही केली. किमान वेतन, रजा, लाभ, शेड्यूलिंग, सगळं राज्याच्या हातात. एका सहीने आमच्या काउंटीचं किमान वेतन पुन्हा ७.२५. मिळालेला पगार कायद्याने खाली येताना मी पहिल्यांदा पाहिला.

पण इथल्या कामगारांच्या संघटनेने दुकानोदुकानी फिरून मालकांना विनंती केली, १०.१० चालू ठेवा. बऱ्याच दुकानांनी ठेवलं आणि तसं दारावर लावलं. मी आणि बायको त्या वर्षी मुद्दाम तसल्याच दुकानांत जायचो. पिझ्झा बरा नसायचा, तरी खायचो.

त्याच साली जॉर्जियानेही शहरांना मनाई केली, शेड्यूल बदललं म्हणून जादा पगार द्यायला लावायचा नाही अशी. २०१५ मध्ये मिशिगन, २०१८ मध्ये विस्कॉन्सिन. सगळीकडे भाषा बघा, जवळजवळ सारखी.

---

कोलंबसकर | मंगळवार, रात्री ८:५०

आमच्या ओहायोचं ऐका. डिसेंबर २०१६ मध्ये कुत्र्याची पिल्लं विकणाऱ्या दुकानांबद्दलचं विधेयक मंजूर झालं, एसबी ३३१. त्याच विधेयकात कोंबड्यांच्या झुंजी, मोबाइलचे छोटे टॉवर, आणि शहरांनी किमान वेतन आणि शेड्यूलवर नियम करू नयेत, हे सगळं भरलं. क्लीव्हलंडमध्ये १५ डॉलर वेतनाचा प्रस्ताव मतदानाला येणार होता, तो त्याने अडला. पिल्लांच्या दुकानाची बातमी म्हणून मी ती वाचलीही नव्हती.

---

पुण्याची_पेठ | बुधवार, सकाळी १०:०५ (भारतीय वेळ)

एक शंका. आपल्याकडे पुणे महापालिकेला असा कायदा करता येईल का? की तिथेही मुंबईला विचारावं लागेल?

---

कलमवाले | बुधवार, सकाळी ७:३०

@पुण्याची_पेठ, नाही करता येणार. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांसाठी बारावं परिशिष्ट आलं, त्यात १८ विषय आहेत. पाणी, रस्ते, झोपडपट्टी सुधारणा वगैरे. कामगार त्यात नाही. तो समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य. दुकानांसाठी आपल्याकडे राज्याचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आहे.

अमेरिकेच्या घटनेत तर शहर हा शब्दच नाही. सत्ता केंद्राची आणि राज्यांची, शहर म्हणजे राज्याचं लेकरू. हे तत्त्व १८६८ मध्ये जॉन डिलन या न्यायाधीशांनी मांडलं आणि ते होते आयोवाचे! म्हणजे मक्याचं_कणीस यांच्याच गावाकडचे. टेक्सासने मात्र १९१२ मध्ये राज्यघटना बदलून मोठ्या शहरांना आपला कारभार आपण करायचा हक्क दिला होता. ह्यूस्टनचं म्हणणं तेच आहे, घटनेने दिलेलं साध्या कायद्याने कसं काढता? मला ते पटतं. अपीलात त्याचं उत्तर मिळालंच नाही, याचं वाईट वाटतं.

---

साइटवरचा | बुधवार, दुपारी १२:१५

शेड्यूलवरच्या बंदीने टेक्सासच्या शहरांत काही प्रत्यक्ष हिरावलं गेलं असं नाही, कारण शेड्यूलचा कायदा इथल्या कुठल्या शहरात लागू नव्हताच. मी बांधकामावर असतो, आमच्याकडे होतं ते सांगतो.

ऑस्टिनने २०१० मध्ये आणि डॅलसने २०१५ मध्ये नियम केला होता, बांधकाम मजुरांना दर चार तासांना दहा मिनिटांची विश्रांती. पाणी प्यायला, सावलीत बसायला. एचबी २१२७ च्या निशाण्यावर हेच नियम होते. जुलैमध्ये दुपारी तीनला डेकवर उभं राहून बघा. सळीला हात लावला तर चटका बसतो. आमचा फोरमन आजही शिट्टी मारून सगळ्यांना खाली बोलावतो, पिवळ्या कूलरमधून पाणी देतो. तो चांगला माणूस आहे म्हणून. शेजारच्या साइटवर शिट्टी वाजत नाही.

@तीन_दुकानं, तुम्ही माणुसकीचं म्हणालात. तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण शेजारच्या साइटवरचा मजूर काय करणार?

फ्लोरिडाने २०२४ मध्ये एचबी ४३३ आणलं. उन्हापासून संरक्षणाचे स्थानिक नियम आणि शेड्यूलची आगाऊ सूचना, दोन्ही एकाच कायद्यात बंद. मायामी-डेड काउंटीत उन्हाचा नियम विचाराधीन होता, तो संपला.

---

निवृत्त_पर्सोनेल | बुधवार, रात्री १०:२० (भारतीय वेळ)

मी पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात एकतीस वर्षं पर्सोनेलला होतो. फॅक्टरी अ‍ॅक्ट १९४८, कलम ६१, तोंडपाठ होतं. कामाच्या वेळांची नोटीस गेटजवळ लावायची, मराठीत सुद्धा. पाळ्यांची पद्धत बदलायची तर आधी इन्स्पेक्टरला दोन प्रतींत कळवायचं, आणि मागच्या बदलाला आठवडा झाल्याशिवाय त्याच्या परवानगीविना पुन्हा बदल नाही.

काचेची चौकट असायची, किल्ली माझ्याकडे. महिन्याच्या शेवटी नवीन पाळीपत्रक लावलं की दहा मिनिटांत पन्नास जण गोळा. कुणी मुलाच्या बारशाची तारीख बघतोय, कुणी गावाकडच्या एसटीची. आम्ही १९८० च्या सुमारास कार्बन पेपरवर हे करत होतो. कॉम्प्युटर असून तीन दिवसांच्या पुढचं सांगता येत नाही हे मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

---

पावसाळी_पाखरू | बुधवार, सकाळी ११:०५

काका, अगदी. आणि दुकानात ते करून बघितलेलंही आहे. गॅप कंपनीच्या शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को भागातल्या दुकानांत जोन विल्यम्स, सुसान लॅम्बर्ट आणि सरवणन केसवन या अभ्यासकांनी स्थिर शेड्यूलचा प्रयोग केला. २०१८ मध्ये अहवाल आला. जिथे शिफ्ट स्थिर केल्या त्या दुकानांची विक्री सुमारे ७ टक्क्यांनी वाढली. जुनी माणसं टिकली, गिऱ्हाइकाला माल कुठे आहे ते सांगणारं कुणी होतं.

---

तीन_दुकानं | बुधवार, दुपारी ३:३३

कपड्याच्या दुकानाचं गणित मला सरसकट लावू नका. पण साइटवरचा यांनी विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नाही, हे मान्य करतो.

काल रात्री माझ्या प्लेनोच्या दुकानातलं मागच्या दोन महिन्यांचं शेड्यूल काढून बसलो. मला वाटत होतं प्रत्येक आठवडा वेगळा असतो. दहापैकी आठ शिफ्ट दर आठवड्याला त्याच होत्या. त्या आठ मी महिना आधी सांगू शकतो. दोनचा प्रश्न राहील. सोमवारपासून करून बघणार आहे.

कायदा राज्याचाच हवा, हे माझं मत कायम. पण राज्याने करावा तरी.

---

मक्याचं_कणीस | बुधवार, दुपारी ४:१०

@तीन_दुकानं, तुमच्या हाताखाली काम करायला आवडेल. पिझ्झापेक्षा सँडविच बरं.

---

सोनटक्का | शुक्रवार, रात्री १०:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. गिरणगावच्या काकांची पोस्ट मी नवऱ्याला वाचून दाखवली, शेवटी आवाज फुटेना.

कलमवाल्यांचं वाचून इतकं कळलं की कायद्याकडून सध्या काही मिळणार नाही. पुढच्या अधिवेशनाआधी आमच्या आमदाराला पत्र लिहिणार आहे. इंग्रजी मसुदा कुणी तपासून देईल का?

दुसरं, काल मॅनेजरकडे गेले. बरोबर आणखी तिघी होत्या. एक मेक्सिकोची, दोन इथल्याच, एक त्यातली नर्सिंग शिकते. नणंदेने पाठवलेला स्क्रीनशॉट दाखवला, नाव झाकून. म्हटलं, कंपनी आपली, अ‍ॅप आपलं, मग तिकडे १४ दिवस दिसतात ते इथे का नाही? तो बराच वेळ फोनकडे बघत राहिला. म्हणाला, मला हे माहीतच नव्हतं, इथलं सेटिंग वरून येतं, माझ्या हातात नाही. वाईट माणूस नाही तो. त्यालाही स्वतःच्या शिफ्ट गुरुवारीच कळतात.

मग नर्सिंगवालीने निवृत्त काकांसारखंच सुचवलं, कागदावर करू. चौघींचे न बदलणारे दिवस आम्ही एका कागदावर लिहून त्याला दिले. माझे मंगळवार आणि गुरुवार, सकाळी नऊ ते दोन. तो कागद त्याने मागच्या खोलीत, घड्याळाखाली चिकटवला आणि वर विचारायचंही कबूल केलं. डे-केअरला मी दोन दिवस सांगून टाकले आहेत, पैसे भरून.

पुढचं शेड्यूल गुरुवारी रात्री पडेल. आलं की इथेच लिहिते.

---

निवृत्त_पर्सोनेल | शनिवार, सकाळी ९:१५ (भारतीय वेळ)

कागदावर तारीख आणि चौघींच्या सह्या आहेत ना? नसतील तर उद्याच करून घ्या, आणि एक फोटो काढून ठेवा.

---

सोनटक्का | शुक्रवार, रात्री ११:०२

तारीख राहिली, काका. उद्या दुपारची शिफ्ट आहे, गेल्या गेल्या घालते.